फुतेन्माचा फेस: तळ आणि गाव यांच्यामधल्या माणसाचं एक प्रकरण

जपानच्या ओकिनावा बेटावर गिनोवान नावाचं शहर आहे आणि त्या शहराच्या पोटात अमेरिकी मरीन कोअरचा फुतेन्मा विमानतळ आहे. १० एप्रिल २०२०, शुक्रवार. संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास तळावरच्या एका हँगरमधली आग विझवायची यंत्रणा सुरू झाली. आग कुठेच लागली नव्हती. पण फेस सुटला तो सुटलाच. एकूण सुमारे २,२७,१०० लिटर. त्यातला १,४३,८०० लिटरच्या आसपास पावसाळी गटारातून कुंपणाबाहेर गेला. जपानी वर्तमानपत्रांनी वाचकाला अंदाज यावा म्हणून २०० लिटरच्या पिंपांत हिशेब मांडला: ७१९ पिंपं.

हा फेस उचिदोमारी नदीत उतरला, वाऱ्यावर चढला आणि वस्तीत शिरला. पांढरे लोळ रस्त्याने घरंगळत होते, काही तळाजवळच्या एका बालवाडीच्या आवारात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी गिनोवानच्या अग्निशमन दलाचे लोक नदीच्या पात्रात उतरून फेस गोळा करत होते. तळ अमेरिकेचा, फेस अमेरिकेचा, गोळा करणारे मात्र शहराचे पगारी नोकर. त्या दिवशीचे फोटो ओकिनावात आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत.

फेसात पीफॉस होतं. हे रसायन निसर्गात विरघळून नाहीसं होत नाही, शरीरात साठत जातं. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी जपानने आपल्या कायद्यात ते आणले. ओकिनावातल्या लोकांना हे नाव नवीन नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये प्रांताच्या पाणीपुरवठा विभागाने जाहीर केलं होतं की कादेना या बेटावरच्या दुसऱ्या अमेरिकी हवाई तळाजवळच्या नद्यांमध्ये पीफॉस सापडलं आहे. त्याच नद्यांचं पाणी चातानच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून सात पालिकांतल्या साडेचार लाख लोकांच्या नळाला जातं. म्हणजे २०२० मध्ये रस्त्यावर फेस दिसला तेव्हा गिनोवानच्या आयांना तो साबणाचा वाटला नाही. कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होतं.

फेसाची ही गोष्ट पर्यावरणाच्या अंगाने बऱ्याच जणांनी लिहिली आहे. मला ती एका वेगळ्या माणसासाठी सांगायची आहे. तळ आणि गाव यांच्यामध्ये उभा राहणारा, दोन्ही भाषा येणारा संपर्क अधिकारी. पुण्यात जपानी शिकणारी मुलं ढिगाने आहेत. त्यातली बरीच कंपन्यांच्या बैठकांत दुभाषी होतात, आणि त्यांची समजूत अशी असते की दोन बाजूंचं बोलणं नीट पोचवलं की आपलं काम झालं. फुतेन्माचं प्रकरण मी त्यांच्यासाठीच वर्गात घेते. इथे भाषेत कुणी कमी पडलं नव्हतं.

जागा कशी आहे

फुतेन्मा जवळजवळ पावणेपाच चौरस किलोमीटर आहे, म्हणजे शहराच्या एक चतुर्थांश जमिनीवर. ती मधोमध असल्याने शहराला भोकाच्या वड्यासारखा आकार आला आहे: एका लाखाच्या घरातली वस्ती कडेने, मध्ये धावपट्टी. १९४५ साली ओकिनावाची लढाई चालू असतानाच अमेरिकी सैन्याने तिथली गावं, शेतं आणि गावचं कार्यालय असलेली जमीन घेऊन हा तळ उभा केला. जमिनीचे मूळ मालक आणि त्यांचे वारस आजही आहेत. जपान सरकार त्यांना भाडं देतं.

तळ परत करायचं ठरलं १९९६ मध्ये. आदल्या वर्षी तीन अमेरिकी सैनिकांनी एका शाळकरी मुलीवर बलात्कार केला होता आणि बेट पेटून उठलं होतं. पाच ते सात वर्षांत जागा मोकळी करू, असं तेव्हा सांगण्यात आलं. तळ अजून तिथेच आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी फुतेन्माचं एक सीएच-५३डी हेलिकॉप्टर कुंपणाला लागून असलेल्या ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळलं. शहराच्या बंबांनी आग विझवली, आणि मग अमेरिकी सैनिकांनी जागेला वेढा घालून जपानी पोलिसांनाही आत येऊ दिलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सीएच-५३ई हेलिकॉप्टरची पावणेआठ किलोची खिडकी चौकटीसकट फुतेन्मा दुसऱ्या प्राथमिक शाळेच्या मैदानात पडली. मैदानात पन्नासहून जास्त मुलं होती. एकाच्या हाताला खरचटण्यावर निभावलं.

संपर्क अधिकारी खुर्चीत बसतो तो हे सगळं ओझं घेऊन. तो रुजू झाला त्या दिवसापासूनचा इतिहास गावाला पुरत नाही. गावाचा हिशेब १९४५ पासूनचा असतो.

हे पद नेमकं कसलं

ओकिनावातल्या मरीनच्या तळांवर या कामाला स्थानिक जपानी माणूस असतो. त्याच्यावर अमेरिकी अधिकाऱ्यांचा एक विभाग असतो, जो सरकार आणि बाहेरच्या संस्थांशी संबंध पाहतो. नोकरीचा प्रकार मोठा गमतीचा आहे. जपानमधल्या अमेरिकी तळांवर सुमारे २५,००० जपानी कर्मचारी आहेत, त्यातले ९,००० च्या आसपास एकट्या ओकिनावात. कागदोपत्री त्यांचा मालक जपानचं संरक्षण मंत्रालय. काम सांगणार अमेरिकी सैन्य. पगाराचा मोठा भाग जपानी करदात्याच्या खिशातून. राहायचं कुंपणाबाहेर, बहुतेकदा त्याच शहरात. मुलगा त्याच शाळेत, म्हातारी आई त्याच दवाखान्यात.

रोजचं काम बाहेरून बघणाऱ्याला किरकोळ वाटेल. प्रभागाच्या रहिवासी संघाला, तिथे जिचिकाइ म्हणतात, वर्षाच्या सुरुवातीला भेटायला जायचं. शाळेत इंग्रजी बोलायला सैनिक पाठवायचे, समुद्रकिनारा साफ करायला पाठवायचे. रात्री उशिरा विमानं उडाली की येणारे फोन घ्यायचे. आणि एप्रिलमध्ये थडग्यांचं काम.

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. ओकिनावात शीमी नावाचा पितरांचा सण असतो. घरातली सगळी माणसं कुळाच्या थडग्यापाशी जमतात, झाडलोट करतात, उदबत्ती लावतात, पितरांना पोचावा म्हणून खोटा कागदी पैसा जाळतात. डब्यांत डुकराचं मांस, तळलेला टोफू, समुद्री शेवाळ, मोची असं ठरलेलं जेवण नेतात आणि पितरांना दाखवून तिथेच पंगत करतात. आता ज्यांची थडगी १९४५ मध्ये कुंपणाच्या आत गेली, त्यांनी काय करायचं? त्यांना परवानगी काढून आत जावं लागतं. कुणाची किती माणसं, गाडीचा नंबर काय, कुठल्या फाटकाने येणार, वाळलेलं गवत आहे तर विस्तवाचं कसं करायचं, नव्वदीच्या आजींना चालवत नाही तर गाडी किती जवळ नेऊ देणार. पहारेकरी विशीतला पोरगा असतो, दोन महिन्यांपूर्वी अमेरिकेतून आलेला. त्याला कुणीतरी समजावून सांगावं लागतं की ही माणसं सहलीला आलेली नाहीत.

असं काम चोख करणारा माणूस गावाला आपला वाटू लागतो. त्याचा मोबाइल नंबर जिचिकाइच्या प्रमुखाकडे असतो. काही अडलं की लोक कार्यालयात न जाता थेट त्याला फोन लावतात. तळाचे अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात, तो तिथेच राहतो. कर्नलसाहेब आले आणि गेले, गाव याला ओळखतं. ही त्याची खरी कमाई, आणि १० एप्रिलला पणाला लागली ती हीच.

बातमीची वाट

अपघात झाला की कोणी कोणाला सांगायचं, हे जपान आणि अमेरिका यांच्या संयुक्त समितीने ३१ मार्च १९९७ रोजी ठरवलं. दोन वाटा आहेत. वरची वाट टोकियोतून: अमेरिकी बाजू जपानच्या मंत्रालयांना कळवते. खालची वाट बेटावरून: तळ संरक्षण खात्याच्या स्थानिक कार्यालयाला कळवतो, ते कार्यालय प्रांताला आणि पालिकेला. ओकिनावात हे संरक्षण कार्यालय कादेना गावात आहे.

या नकाशात संपर्क अधिकारी कुठे आहे? कुठेच नाही. ज्या माणसाकडे बालवाडीचा फोन नंबर आहे, त्याला तो फिरवायचा अधिकार या व्यवस्थेने दिलेला नाही. ज्या कार्यालयाला अधिकार आहे, त्याच्याकडे आधी तळातून बातमी यावी लागते, मग ती तपासली जाते, मग पुढे जाते. या काळात फेस गटारातून नदीला लागतो. फेस काही संयुक्त समितीच्या वाटेने जात नाही.

त्या संध्याकाळी फुतेन्माच्या संपर्क कार्यालयात नेमकं काय बोलणं झालं हे कागदावर आलेलं नाही, आणि त्याची गोष्ट रचून सांगायची गरजही नाही. पद ठाऊक असलं की एवढं समजतं: लोकांनी त्याच्या फोनवर विचारलं असणार, आणि त्याच्या हातात सांगण्यासारखं फार थोडं असणार. घरी जायची वेळ, शुक्रवार, कोरोनाचे दिवस. रस्त्यावर फेस उडतोय तो घरच्या बाल्कनीतून दिसतोय, आणि कार्यालयातून येणारं उत्तर ‘माहिती घेत आहोत’.

दुसऱ्या दिवशी तळाचा कमांडर महापौर मासानोरी मात्सुगावा यांना भेटला. पाऊस पडला की हे निवळेल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलल्याचं ओकिनावाच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. सैनिकाने धीर देण्यासाठी काढलेलं वाक्य असू शकतं. पण पावसाने हे रसायन कमी होत नाही, पुढे वाहत जातं, आणि हे पाचवीतल्या पोराला कळावं अशा गावात ते वाक्य उच्चारलं गेलं. गव्हर्नर डेनी तामाकी यांच्या प्रशासनाने निषेध नोंदवला, पालिकेने नोंदवला. इथे माझं मत स्पष्ट आहे. साहेबांच्या तोंडून हे वाक्य निघण्याआधी त्यांना गाडीतच कुणीतरी सांगायला हवं होतं की पावसाचा विषय काढू नका. हे काम दुभाष्याचं नाही, पण दोन्ही बाजू जाणणाऱ्या माणसाचं नक्की आहे. भेटीआधीची ती दहा मिनिटं मिळवणं हा या नोकरीतला सगळ्यात कठीण भाग असतो, कारण त्या दहा मिनिटांत साहेबांना दुसरं काहीतरी महत्त्वाचं असतं.

मग प्रश्न आला तळात जाऊन पाहणी करायचा. तळाचा कारभार पूर्णपणे अमेरिकेकडे, जपानी अधिकाऱ्याला आपल्याच देशात आत जायला परवानगी लागते. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी पर्यावरणाबाबत एक पूरक करार केला होता. गळतीसारखी घटना घडली आणि अमेरिकी बाजूने ती कळवली, तर जपानी अधिकाऱ्यांना आत येऊ देता येईल, असं त्यात आहे. या कराराखाली पहिली पाहणी झाली ती याच प्रकरणात: १६ एप्रिलपासून पुढच्या आठवडाभरात केंद्र, आणि मग प्रांत व शहराचे लोक आत गेले. कादेनाच्या पाण्यासाठी प्रांत २०१६ पासून आत येऊ द्या म्हणतोय, तिथे मात्र दार उघडलेलं नाही. करारातली मेख हीच. कळवलं तर दार, आणि कळवायचं की नाही हे तळाच्या हातात.

कारण बाहेर आलं सप्टेंबरमध्ये. हँगरजवळ काही सैनिकांनी बार्बेक्यू लावला होता. उष्णता टिपणाऱ्या यंत्राला ती आग वाटली. यंत्रणा सुरू झाली आणि ती झटकन बंद कशी करायची, हे तिथल्या लोकांना जमलं नाही. तेव्हाचे संरक्षणमंत्री तारो कोनो यांच्या मंत्रालयाने हा अमेरिकी चौकशीचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवला. कुठल्या तरी बिघाडाची अपेक्षा करणाऱ्या गावाला पाच महिन्यांनी उत्तर मिळालं ते कोळशावर भाजलेल्या मांसाचं.

फोन करायला हवा होता का

वर्गात इथे नेहमी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, त्याने नियम गुंडाळून ठेवून बालवाडीला, जिचिकाइला फोन करायलाच हवा होता. मुलांच्या अंगाला रसायन लागत असताना कसली वाट आणि कसला करार. दुसरा तट म्हणतो, पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच नीट काही माहीत नसतं. साधा फेस असता तर? चुकीची बातमी पसरली असती तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला किंमत राहिली नसती. शिवाय नोकरी.

नोकरीचा मुद्दा हलका नाही. मरीनच्या याच बाह्यसंबंध विभागात रॉबर्ट एल्ड्रिज नावाचे उपप्रमुख होते. जपानी उत्तम, जपानमध्ये प्राध्यापकी केलेली, ओकिनावाच्या इतिहासाचे अभ्यासक. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅम्प श्वाब या ओकिनावातल्याच मरीनच्या दुसऱ्या तळाच्या फाटकावर तळविरोधी आंदोलनाच्या एका नेत्याला अटक झाली. तळाच्या सुरक्षा कॅमेऱ्यातलं त्याचं चित्रण परवानगीशिवाय बाहेर गेलं, आणि ते देणारे म्हणून एल्ड्रिज यांना पद सोडावं लागलं. त्यांनी ते दिलं तळाची बाजू मांडायला, गावाची नव्हे. तरी गेले. तळावर माहिती कोणाच्या भल्याची आहे हे नंतर बघतात. आधी बघतात ती कोणाच्या सहीने बाहेर गेली. उपप्रमुखाची ही गत, तर कंत्राटाच्या तिसऱ्या पायरीवरच्या स्थानिक कर्मचाऱ्याची काय होईल, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

मला स्वतःला दोन्ही तट अपुरे वाटतात. पहिला तट एका माणसाकडून हौतात्म्य मागतो आणि व्यवस्थेला सोडून देतो. दुसरा तट माहिती नसण्याला ढाल करतो. प्रश्न संध्याकाळी पावणेपाचला सोडवायचा नसतोच. तो आधीच्या एखाद्या निवांत मंगळवारी सोडवायचा असतो, कर्नलसाहेब नवे असताना. त्याकडे शेवटी येते. आधी दुसरा अंक, कारण माझ्या मते तळाचं खरं नुकसान तिथे झालं.

२६ ऑगस्ट २०२१

फुतेन्मावर भूमिगत टाक्यांत पीफॉस मिसळलेलं पाणी साठलेलं होतं. वादळी पावसाने टाक्या भरून वाहतील, अशी भीती. मरीनचं म्हणणं, आम्ही पाणी गाळून शुद्ध करतो आणि शहराच्या सांडपाणी वाहिनीत सोडतो. प्रांत आणि शहर म्हणत होते, सोडू नका, आजवर जसं जाळून नष्ट करत होतात तसंच करा. जुलैपासून बोलणी चालली होती, ती संपलेली नव्हती.

२६ ऑगस्टला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी प्रांताला ईमेल आला: साडेनऊपासून पाणी सोडत आहोत. आणि सोडलं. सुमारे ६४,००० लिटर.

पंचवीस मिनिटं. एवढ्यात सरकारी कार्यालयात संगणक सुरू होऊन मेल उघडला जातो, वरिष्ठांना दाखवला जातो, कुणाला फोन करायचा ते ठरतं. कळवलं नाही असं म्हणता येणार नाही, आणि कळवलं असंही म्हणता येणार नाही. असल्या हुशारीला आपल्याकडेही तोटा नाही. हरकत घ्यायची मुदत संपता संपता चावडीवर चिकटवलेली नोटीस पाहिलेला कुठलाही शेतकरी हे ओळखेल.

२०२० चा फेस हा अपघात होता. निष्काळजीपणाचा, पण अपघात. लोक चिडले, तरी हे कुणी मुद्दाम केलं असं फारसं कुणी म्हटलं नाही. २०२१ चं पाणी हा निर्णय होता, वेळ ठरवून घेतलेला. गिनोवानच्या नगरसभेने सप्टेंबरमध्ये निषेधाचा ठराव एकमताने केला. तळावरून रोजगार मिळणारे, भाडं मिळणारे, तळाला विरोध नसणारे लोकही तिथे निवडून येतात. एरवी तळाच्या प्रश्नावर दुभंगणारं सभागृह एक झालं, ते पाण्याच्या दर्जाइतकंच त्या मेलच्या वेळेमुळे.

मग आकड्यांची मारामारी. मरीनच्या म्हणण्याप्रमाणे गाळलेल्या पाण्यात पीफॉस आणि पीफोआ हे त्याच जातीचं दुसरं रसायन मिळून लिटरमागे २.७ नॅनोग्रॅम होते. जपानचं त्या वेळचं तात्पुरतं उद्दिष्ट ५० नॅनोग्रॅमचं, म्हणजे हे त्याच्या कितीतरी खाली. गिनोवान शहराने त्याच दिवशी तळातून येणाऱ्या सांडपाणी वाहिनीतलं पाणी तपासलं. निघाले ६७०. उद्दिष्टाच्या तेरापट.

दुभाष्याने इथे काय करायचं? दोन्ही आकडे नीट उच्चारून भाषांतर केलं की काम झालं? एक नमुना गाळणीच्या तोंडाशी घेतलेला, दुसरा वाहिनीत, जिथे तळाचं इतर सांडपाणीही येतं. दोन्ही खरे असू शकतात. पण शहराच्या माणसाला गाळणीच्या तोंडाशी काय आहे यात रस नाही, त्याच्या गटारात काय येतंय यात आहे. ६७० हा आकडा गाळलेल्या पाण्याचा नसेल, तर तळातून एरवीही काय येतं, हा आणखी मोठा प्रश्न उभा राहतो. मरीनने २.७ जितक्या ठासून सांगितला, तितका तो प्रश्न वाढला. कसलेल्या संपर्क अधिकाऱ्याने आपल्या साहेबांना हे पाणी सोडायच्या आधी सांगितलं असतं: शहर त्याच दिवशी मॅनहोल उघडून नमुना घेणार, त्यात जे निघेल ते आपल्याच नावावर जाणार, तेव्हा आपण आधी त्याच जागचं पाणी तपासून बघू.

सांगितलंही असेल. ऐकलं गेलं नसेल. हा धोका या पदाला जन्माचा चिकटलेला आहे. बाहेरून कुणाला दिसत नाही की आत कोण काय म्हणाला.

शेवटी १७ सप्टेंबरला जपान सरकारने उरलेलं पाणी आपल्या अंगावर घेतलं: सुमारे ३,६०,००० लिटर, नष्ट करायचा खर्च ९ कोटी २० लाख येन, जपानी तिजोरीतून. पाणी सोडायचं थांबलं हे शहराला हवं होतंच. पण बिल कोणी भरलं हेही शहराने पाहिलं.

चांगुलपणाचं खातं

तळांच्या संपर्क विभागांत एक समजूत पक्की असते की इंग्रजीचे वर्ग, किनारा सफाई, तळ लोकांना उघडून दाखवायचे दिवस, या सगळ्याने गावात पुण्य साठतं आणि वाईट दिवशी ते कामी येतं. मला हे पटत नाही. वर्षभर केलेली सफाई आणि फेसाच्या दिवशीचं मौन यांची वजाबाकी गाव करत नाही. ती दोन वेगळी खाती आहेत. उलट सफाईला आलेला हसरा सैनिक आठवून माणूस जास्त चिडतो: तेव्हा आलात, आता कुठे आहात? ११ एप्रिलला नदीत शहराचे बंबवाले उतरले होते, त्यांच्या बरोबरीने मरीन दिसले असते तर फरक पडला असता.

थडग्यांचं काम मात्र वेगळ्या जातीचं आहे, म्हणून ते वर विस्ताराने सांगितलं. तिथे संपर्क अधिकारी काही देत नाही, गावाचंच गावाला मिळवून देतो, आणि त्यासाठी तळाच्या आत भांडतो. विश्वास बसतो तो अशा कामामुळे. त्याचं तोंड आतल्या बाजूला आहे हे लोकांना कळतं.

जुलै २०२० मध्ये याचीच आणखी एक परीक्षा झाली. ओकिनावातल्या मरीनच्या तळांवर कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले, काही दिवसांत साठेक. अमेरिकी बाजूचा आग्रह होता की आकडा जाहीर करू नये, सैन्याच्या सज्जतेचा प्रश्न आहे. गव्हर्नर तामाकींनी रेटा लावला आणि आकडा बाहेर आला. या काळात तळावर कामाला जाणाऱ्या हजारो ओकिनावावासीयांच्या घरचे प्रश्न विचारत होते. सज्जता आणि शेजारी यांत अमेरिकी कमांडरला आधी कोण दिसतं, हे गृहीत धरूनच या पदावरच्या माणसाने काम करायला हवं. त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही, ती त्यांची नोकरी आहे.

निवांत मंगळवारी करायचं काम

तर तो आधी सोडवायचा प्रश्न. नवा कमांडर आला की त्याच्यापुढे ठेवायचा एकच कागद, दोन्ही भाषांत. त्यावर लिहायचं की तळातून काहीही घातक कुंपणाबाहेर गेलं किंवा जाताना दिसलं, तर संपर्क अधिकारी वरच्या परवानगीची वाट न पाहता ठरलेल्या जागांना फोन करेल: शहराचा अग्निशमन कक्ष, कुंपणालगतच्या शाळा आणि बालवाड्या, त्या बाजूच्या जिचिकाइचा प्रमुख. १९९७ च्या वाटा तशाच चालू राहतील, हा फोन त्यांच्या बरोबरीने जाईल. फोनवर तो चारच गोष्टी सांगेल आणि पाचवी सांगणार नाही: काय बाहेर आलं, काय करायचं, काय अजून माहीत नाही, पुढचा फोन कधी. घटनेचं कारण, जबाबदारी, दिलगिरी यांपैकी काहीही त्यात नसेल, त्यामुळे सैन्याच्या वकिलालाही अडवायला फार जागा उरणार नाही. कमांडर सही करायला कुरकुरेल. तेव्हा त्याला ७१९ पिंपांचा हिशेब दाखवायचा.

फोनवरचा मजकूर आधीच लिहून, दोन्ही भाषांत तपासून भिंतीवर लावलेला हवा, म्हणजे घाबरलेला माणूसही तो वाचू शकेल. साधारण असा:

‘तळातून आग विझवायचा फेस बाहेर आला आहे. त्यात पीफॉस असू शकतं. मुलांना आत घ्या, फेसाला हात लावू देऊ नका, लागला असेल तर भरपूर पाण्याने धुवा. किती आहे आणि कशामुळे, ते अजून मला माहीत नाही. पुढचा फोन सहा वाजता करतो, नवीन काही कळलं नाही तरी करतो.’

आणि सहा वाजता फोन करायचा.